इंग्रजीतलं 'आलोच'

आमच्या घरात रविवारचा स्वयंपाक घड्याळावर होत नसे, माझ्या धाकट्या भावाच्या फोनवर होत असे. तो राहायला पाथर्डी फाट्याला. मी आणि आई इकडे पंचवटीत, दिंडोरी नाक्याजवळ. (मी लग्न केलं नाही. का, ते विचारायचं नाही. विचारणाऱ्यांना मी आजवर पुरेशी उत्तरं दिलेली आहेत.) दर रविवारी तो जेवायला यायचा आणि आई सकाळपासून त्याला फोन लावायची, "कुठे आहेस रे?"

"निघालो," तो म्हणायचा. निघालो म्हणजे साहेब अजून टॉवेलवर. आई नुसती डाळ धुऊन ठेवायची. पुढच्या फोनला "आलोच." म्हणजे गाडीची किल्ली सापडत नाहीये. आई कणीक मळायला घ्यायची. "पोहोचलोच" म्हणाला की तो खरोखर घराबाहेर पडलेला असायचा, मग कुकर चढायचा. आणि "खाली आहे" म्हणाला की तवा. या हिशेबात आईची पोळी कधी गार झाली नाही. मी शाळेत गणित शिकवते, पण वर्गातल्या एकाही पोराला इतकं चोख त्रैराशिक मी शिकवू शकलेली नाही.

यात भावाचं काही वेगळं होतं असं नाही. सगळं नाशिक असंच बोलतं. प्लंबर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी असतो तेव्हा तो सिडकोत दुसऱ्याचा नळ उघडून बसलेला असतो. वऱ्हाड टोलनाक्यावर आलेलं असतं तेव्हा बसमध्ये नवरदेवाची मावशी चढायची बाकी असते. कुणाला फसवायचं कुणाच्या मनात नसतं. सांगणारा थोडं पुढचं सांगतो, ऐकणारा तेवढं वजा करून ऐकतो, आणि दोघांचंही व्यवस्थित चालतं.

मग भावाला इंग्रजी झालं. कावीळ होते तसं.

झालं असं की तो द्राक्षबागांच्या औषधांच्या कंपनीत आहे. दिवसभर दिंडोरी, निफाड, पिंपळगाव करत हिंडायचं आणि बागाईतदारांना फवारण्या विकायच्या. त्याच्या टीमवर एक नवे साहेब आले. त्यांना मराठीचा गंध नाही आणि माणसांवर भरवसा त्याहून नाही. दिवसातून केव्हाही फोन करायचे आणि पहिलाच प्रश्न, "व्हेअर आर यू?" बिचाऱ्या एका पोराने खरंखरं सांगितलं, "आय ॲम इन द फाटा, सर." साहेब मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत पोट धरून हसले. फाटा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण त्याच्या 'इन' माणूस जाऊ शकत नाही एवढं मात्र ठाऊक होतं! त्या दिवशी आमच्या भावाने धसका घेतला आणि कॉलेज रोडला एका ज्यूस सेंटरच्या वर चालणाऱ्या इंग्रजी संभाषणाच्या क्लासला नाव घातलं.

डेमो लेक्चरला तो मला घेऊन गेला. "ताई, तू शिकवतेस, तुला कळेल बरा आहे का." गेले. भर एप्रिलात टाय लावून सर उभे. फळ्यावर त्यांनी एक ठिपका काढला, एक आडवी रेघ काढली आणि एक डबा काढला. ठिपका असेल तर ॲट. पृष्ठभाग असेल तर ऑन. डब्यात असाल तर इन. झालं, म्हणाले, आयुष्यात परत चुकणार नाही.

मी विचारलं, "मग कारला इन आणि बसला ऑन कसं? बस काय डबा नाही?"

"मॅडम, डाउट्स शेवटी."

शेवटी त्यांनी फीची माहिती सांगितली.

मधल्या वेळात सराव झाला. एकेकाने उभं राहायचं, सरांनी विचारायचं, "व्हेअर आर यू?" आणि त्याने सांगायचं. एक मुलगी म्हणाली, आय ॲम ॲट द बस स्टॉप. एक टक्कल पडलेले गृहस्थ म्हणाले, आय ॲम ऑन द टेरेस. आमचे बंधुराज म्हणाले, आय ॲम इन द मीटिंग. सगळे त्या एका कोंदट खोलीत, एका कुरकुरणाऱ्या पंख्याखाली, गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. आणि आपण खरोखर कुठे आहोत हे सांगणारा त्यात एक नाही. सर प्रत्येकाला "व्हेरी गुड" म्हणत होते. जिथे नाही तिथे आहे म्हणून बिनधास्त सांगा, फक्त ठिपका, रेघ आणि डबा सांभाळा, एवढंच तिथे शिकवत होते. मी भावाला जिन्यात म्हटलं, हे तर तुला येतंच की. तो म्हणाला, ताई, तू ना निगेटिव्ह आहेस.

तर भाऊ शिकला. चांगला शिकला, खोटं कशाला बोलू. आणि शिकलेलं उतू जायला लागलं. आईने "कुठे आहेस रे?" विचारलं की उत्तर यायचं, "आय ॲम ॲट मुंबई नाका." मुंबई नाक्यावर नाका उरलेला नाही, पण ते असो. आईने तो शब्द ऐकला आणि सरळ तवा चढवला. पोळ्या झाल्या, गार झाल्या, चामट झाल्या, तेव्हा कुठे स्वारी उगवली. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी म्हटलं, "अगं, त्याचं तू नेहमीचं वजा करत जा की!"

"इंग्रजीत सांगितलंय त्याने," आई म्हणाली. "ते कसं वजा करायचं?"

मला आधी हसू आलं. मग कळलं की ती गंभीर आहे. आईच्या आयुष्यात इंग्रजीत जे जे आलं ते खरं निघालं होतं. वडिलांचे रिपोर्ट इंग्रजीत आले होते, त्यात होतं तसंच झालं. माझी नोकरीची ऑर्डर इंग्रजीत होती, नोकरी लागली. त्यामुळे मराठीत "आलोच" म्हणणाऱ्या पोराला ती पुरेपूर ओळखून होती, आणि तेच पोरगं इंग्रजीत बोलायला लागल्यावर तिने त्याच्यावर डॉक्टरवर ठेवावा तसा विश्वास टाकला. त्याची त्याला गंमत वाटायची. मला वाटत नव्हती, पण गार पोळ्यांपलीकडे त्यात काही बिघडेल असं तेव्हा कुणाला वाटणार?

मामा आजारी होता. आईचा पाठचा भाऊ, तिचा एकुलता एक; तो तिला आक्का म्हणायचा. आजी शेतावर जायची तेव्हा हा आईच्या कडेवर असायचा. शाळेतसुद्धा त्याला काखोटीला मारून न्यायची आणि मास्तर दोघांना बाहेर बसवायचे. दिंडोरीच्या पुढे त्याची बाग. त्याच्या मेंदूत गाठ निघाली, आणि वय बघता चिरफाड करण्यात अर्थ नाही, घरी न्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग हळूहळू त्याची ओळख पुसली गेली. मामीला तो मावशी म्हणायचा. आम्ही मागच्या खेपेला गेलो तेव्हा त्याने आईला हात जोडून रामराम केला आणि विचारलं, "कोणाकडं आलात?" आई तिथे हसली आणि परतताना गाडीत सगळा रस्ता रडली.

द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्या होत्या त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी मामीचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला.

"वन्सं, लवकर या. आज लय शुद्धीत हायेत. मला नावानं हाक मारली! उठून बसले, चहा मागितला. आक्काला बोलवा म्हणतात, तिला काहीतरी सांगायचं हाय. आम्हाला नाय सांगत. आजच या, उद्याचं काय खरं नाय."

आईचा चेहरा असा उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिने भावाला फोन लावला. तो म्हणाला, "येतो गाडी घेऊन, तयार राहा." आईने ठेवणीतली साडी नेसली, अंबाडा घातला आणि दाराशी खुर्ची टाकून बसली. मी शाळेत कळवून रजा टाकली.

बराच वेळ गेला. आईने फोन लावला. "आय ॲम ऑन द वे," भाऊ म्हणाला. आई मला म्हणाली, निघाला. चपला घालून बसली.

आणखी वेळ गेला. "आय ॲम ॲट मुंबई नाका."

आमच्या खिडकीतून रस्ता दिसतो. दिंडोरीची एसटी गेली. मी म्हटलं, आई, जाऊया का? पुढची येईलच. "अगं, तो नाक्यावर आलाय. आपण गेलो आणि तो आला तर?" पुढचीही गेली.

"आय ॲम ऑन द फ्लायओव्हर."

मला कबूल करायला पाहिजे, सगळं बिनचूक होतं. नाका ठिपका म्हणून ॲट, उड्डाणपूल पृष्ठभाग म्हणून ऑन. रस्त्याचा क्रमसुद्धा चुकला नव्हता. त्यानंतर आला डबा: "आय ॲम इन द ट्रॅफिक, ॲट द्वारका." या वेळी फोन माझ्या कानाला होता, आणि त्या ट्रॅफिकमध्ये कुणीतरी कपात चमचा ढवळत होतं. किणकिण किणकिण. पाठोपाठ एक बाई मोठ्या अदबीने विचारत होती, मोअर टी, सर?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, ऊठ. तो हॉटेलात बसलाय."

"द्वारकेला आहे म्हणाला ना?"

"द्वारकेच्या चौकात कपबश्या वाजतात का?"

"गाडीत पीत असेल."

"आणि गाडीत बाई अजून चहा देऊ का विचारते? ऊठ, रिक्षा करू, एसटीने जाऊ, कशानेही जाऊ!"

आई उठली नाही. "हे बघ, पोरगा गाडी घेऊन येतोय. मी एसटीतून उतरले तर गावात काय म्हणतील? मुलगा असून म्हातारी बसने आली. त्याला नाव ठेवतील. आणि तो काय आता येईलच." तेवढ्यात पुन्हा मामीचा फोन. "ते विचारतायत, आक्का कुठवर आली? थकायला लागलेत वो आता." आईने माझ्या हातातून फोन घेतला आणि ठासून सांगितलं, "सांग त्याला, पोरगा द्वारकेला पोहोचलाय. मी निघालेच."

मी वाद घालायचं सोडलं. दुपार कलायला लागली होती तेव्हा खाली हॉर्न वाजला. भाऊ कडक इस्त्रीच्या शर्टात. "सॉरी, सॉरी! काय ट्रॅफिक होतं बापरे." हे मात्र मराठीत. आई मागे बसली, मी पुढे. म्हसरूळ मागे पडलं आणि मी तोंड उघडलं.

"कुठे होतास?"

"सांगितलं ना..."

"चमचा वाजत होता."

तो म्हणाला, "ताई, साहेब अचानक नाशिकला आले. हायवेवरच्या हॉटेलात ब्रेकफास्टला बोलावलं. समोर बसलेला माणूस मी सोडून कसा येणार? आणि त्यांच्यासमोर फोनवर मराठीत काय बोलणार?"

"म्हणजे ते समोर बसले होते? तू फ्लायओव्हरवर आहेस म्हणून सांगत होतास तेव्हा?"

"हो."

"त्यांच्या तोंडासमोर? टेबलावर कोपरं टेकून?"

"हो गं."

"मग ते काय म्हणाले?"

भाऊ ओशाळला, पण तेवढ्यातही त्याला ते सांगावंसं वाटलं. "हसले. म्हणाले, युवर इंग्लिश इज इम्प्रूव्हिंग."

मी कपाळावर हात मारला. आता यापुढे माणसाने काय बोलायचं! ज्याला आपली माणसं कुठे आहेत याची दिवसभर चौकशी लागते, त्या माणसासमोर बसून हा आपल्या आईला धडधडीत खोटं सांगतो, आणि तो शाबासकी देतो. का, तर ऑन बरोबर लागला. असल्या साहेबाला आणि असल्या विद्यार्थ्याला एका खुंटीला टांगायला हवं. मी म्हटलं, "मेल्या, 'मला जमत नाही, तुम्ही बसने जा' एवढं म्हणायला काय जीभ झडली होती तुझी? मराठीत नको, इंग्रजीत म्हणायचंस! ते नाही शिकवलं त्या टायवाल्याने?"

"आईला वाईट वाटलं असतं," तो म्हणाला.

हे असं आहे. आमच्या घरातल्या एकाही पुरुषाला 'जमणार नाही' हा शब्द येत नाही. वडिलांनाही येत नव्हता. समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून ते त्याला दिवसभर उंबऱ्यावर बसवून ठेवतील, आणि वर स्वतःला मायाळू समजतील. मला त्या माणुसकीची शिसारी आली आहे. मी आणखी बरंच बोलले असते, पण मागून आईचा आवाज आला, "तिथे गेल्यावर भांडू नका." दोन्हीकडे बागांमधून ट्रॅक्टर फवारण्या करत फिरत होते आणि काचा बंद असूनही औषधाचा वास गाडीत येत होता.

मामाची खाट पुढच्या खोलीत होती. मामी दारातच भेटली. ती आईचा हात धरून तिला आत घेऊन गेली. मामा उशीला टेकून बसला होता. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा; सकाळी त्यानेच मागून घेतला होता म्हणे, आक्का यायचीय म्हणून. आई खाटेच्या कडेला बसली आणि तिने त्याच्या गालावरून हात फिरवला.

"आले बघ मी."

मामाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग अंग चोरून जरा बाजूला सरकला, परक्या बाईला जागा द्यावी तसा.

"बसा," तो म्हणाला. "च्या घ्या."

"अरे, मी. आक्का."

तो हसला. ओळखीचं हसू नव्हतं ते, पाहुण्यासाठीचं होतं. मामीने वाकून मोठ्याने सांगितलं, "अवो, आक्का हाय ती. सकाळपास्नं वाट बघताय ना?" त्याने मान हलवली. हो, वाट बघतोय, एवढंच त्याला त्यातलं कळलं. भाऊ माझ्या मागे दाराची चौकट धरून उभा होता. त्याचा फोन खिशात वाजत होता आणि तो बंद करायचंही त्याला सुचत नव्हतं. मी त्याच्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आई खाली वाकली. "मला काहीतरी सांगायचं होतं ना तुला? सांग की. काय सांगायचं होतं?"

मामाने जरा विचार केला. मग, आत कुणी ऐकत नाही ना असं बघून, हळूच म्हणाला, "तुम्हाला नाय. आक्काला सांगायचं हाय."

आईचा हात त्याच्या गालावरच राहिला.

"कुठवर आली ती?" त्याने विचारलं.

त्याचे डोळे मिटायला लागले होते. दिवसभर ताठ बसून तो पार दमला होता. मामीने मागची उशी काढून त्याला आडवं केलं. आईने त्याच्या पायांवर चादर घातली.

"आक्का आली की मला उठवा," तो म्हणाला.

"उठवते," आई म्हणाली.